दीड सेकंदाची विहीर

सिंदी (रेल्वे)
२१ नोव्हेंबर

मोहिनी,

अक्षर पाहून पाकीट फाडू नको. आधीची पत्रं फाडली असशीन तर फाडली, त्यात दिवाळी-दसऱ्याचं होतं, नाई वाचलं तरी चालते. ह्यात तुह्या पोरीचं आहे.

प्रेरणा बंगलोरले नाई. गेल्या सोमवारपासून माह्या घरी आहे. सांजच्याले तुले फोन करून सांगते ना, होस्टेलचं जेवण बरं आहे म्हणून? ते होस्टेल म्हणजे माही ओसरी, अन् जेवण म्हणजे माह्या हातची भाकर अन् वांग्याची भाजी. मी तिथंच तूर निवडत बसली असते, सारं ऐकते. आल्या दिवशीच तिनं कबूल करून घेतलं का मावशी, आईला फोन करायचा नाही. मी म्हणलं, नाई करत. तसाही माहा आवाज ऐकला का तू कापतेस. पत्राचं काई बोलणं झालं नोतं.

आता बसून वाच. ती विहिरीसाठी आली आहे. आमच्या वावरातल्या, त्याच विहिरीसाठी.

तुले माहीत नसन, पण तू गेल्यापासून त्या विहिरीवर मी कोणाले फिरकू दिलं नाई. बोअर मारला, तिचं पाणीही आटलं. तोंडावर बोराट्या टाकून ठेवल्या होत्या. पोरीनं पिशवी ठेवली, चहा घेतला नाई, सरळ वावरात गेली, बोराटी बाजूले केली अन् कठड्यावरून आत वाकली. मागून पाह्यलं तर मले मधुकररावच वाकलेले दिसले. मी तिथंच बांधावर बसली.

मंग तिनं विचारलं का बाबा कुठून पडले. तुह्याच्यानं तिले सांगणं झालं नाई वाटते. मी आडपडदा ठेवत नाई, तुले माहीत आहे. सांगून टाकलं. तुम्ही दिवाळीले आमच्याकडे आले होते, तुहा बाप मोटर काढायले उतरला, खालची हवा खराब होती. डोकं गरगरलं म्हणून भिंतीतल्या लोखंडी कड्या धरून वर निंघाला, अन् दोन-तीन कड्या राह्यल्या तवा हात सुटला. तिनं वरची कडी पाह्यली, खालचा गाळ पाह्यला अन् पिशवीतला टेप काढून विहिरीची खोली मोजली. रडली नाई. मले ते रडण्यापेक्षा खराब वाटलं.

तिचं काम मले समजलं तसं सांगते. चांदणी म्हातारी होऊन मरते तवा धूर सोडते. तो धूर थंडा झाला का त्याची धूळ होते, अन् त्या धुळीपासून पृथ्वी, माती, आपण सारे झालो. ती धूळ कशी होते हे तिले डब्यात करून पाहायचं आहे. जमिनीवर ते जमत नाई, कारण गरम धूर वर पळते. पण डबा उंचावरून सोडला तर पडता पडता आतल्या वस्तूले वजनच राहत नाई, धूर जागच्या जागी थांबते. चाळीस फूट पडला तर दीड सेकंद. मोठे मनोरे बांधले आहेत म्हणे त्याच्यासाठी, पण तिथं नंबर लागायले वरीस जाते. वर्ध्याच्या कॉलेजातल्या एका सरांनी तिले सामान देलं. विहीर तिनं आपल्या मनानं निवडली.

मी नाई म्हणलं. तर म्हणे, नालवाडीच्या पुढे एक पडीक विहीर पाहून ठेवली आहे, तिथे जाते. त्या विहिरीले कठडा नाई, दगड सुटलेले. तुहे भाऊजी म्हणाले, जयवंता, इथं पोरगी डोळ्यापुढं तरी राहीन. म्हणून हो म्हणलं. अट घातली का तिनं विहिरीत पाय टाकायचा नाई. उतरायचं काम पडलं तर आमचा गडी तानबा उतरन, अन् उतरायच्या आधी दिवा सोडायचा. दिवा जळला तर माणूस. दिवा विझला तर कोणी नाई.

त्या दिवशी साऱ्या गावादेखत तू मले म्हणली होती, तुमच्या घरात एक दिवा नोता काय. मधुकरराव थांबले नाईत, म्हणे परवाच तर उतरलो होतो. पण ते राहू दे. आता दिवा आहे.

मले भेव लागून राह्यलं आहे. ये अन् तिले घेऊन जा.

जयवंता


सिंदी (रेल्वे)
५ डिसेंबर

मोहिनी,

तुहं उत्तर नाई. पोरीच्या फोनवर तुहा आवाजही तसाच, म्हणजे पाकीट फोडलंच नाई. नको फोडू. मी लिहिणं सोडत नाई.

काम सुरू झालं. डबा कुकरएवढा, त्याच्या आत अजून एक डबा. आतल्यातली बरीच हवा पंपानं काढून टाकते. त्यात केसाएवढी तार, तारेवर धातूचा एक कण. तार लाल होते, कणाचा धूर होते, अन् बोटाएवढा कॅमेरा त्याचे फोटो काढते. विहिरीवर आडवा पाइप टाकला आहे, त्याले चुंबक, चुंबकाले डबा लटकवलेला. बटन दाबलं का डबा सुटते. फुटू नये म्हणून खाली कापूस टाकला, छातीएवढा ढीग. कवडीच टाकली, किडका कापूस, जो बाजारात कोणी घेत नाई. चांगला कापूस डबे पाडायले देईन काय मी? डब्याले बारीक दोरी सैल बांधलेली असते, तिनं मंग वर ओढून घेते.

कापूस असूनही आवाज येते. पह्यला डबा सुटला तवा मी दूर तुरीत होती. धप्प. माह्या हातातला इळा गळून पडला. तो आवाज मी एकडाव ऐकला आहे, मोहिनी. तू तवा घरात पोळ्या करत होती, तुले आला नाई. मले आला. आता रोज येते, जेवढ्यांदा ती बटन दाबते तेवढ्यांदा. काल कानाले पदर गुंडाळून पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडांच्या, पार पल्याड गेली, तरी आला. वेचणाऱ्या बाया मले हासत होत्या.

दोरी तुटून डबा खाली राह्यला का तानबा उतरते. उतरायच्या आधी दिवा. घासलेट आता भेटत नाई, तर बादलीत तेलाचा दिवा ठेवून सोडते. कापसाले आग लागन म्हणून तुह्या भाऊजींनी दोरावर गाठ मारून देली. गाठ हातात आली का थांबायचं, दिवा कापसाच्या पुरुषभर वर राहते. मीच उभी राहून पाहते. जळून राह्यला म्हणजे तानबाले हो म्हणते. तानबा उतरता उतरता बोलणं सोडत नाई. पोरीनं त्याले चांदणीच्या राखेचं सांगितलं तर म्हणे, आपण सारे राखेचेच आहोत तर मालक मजुरी काऊन देते, फुकून टाका ना. पोरगी हासून हासून लाल झाली. हासली का तुह्यासारखी दिसते.

एक गोष्ट झाली ते सांगते, मंग पत्र बंद करते. मी दिव्यासाठी एवढी मागं लागते म्हणून तिले गंमत सुचली. म्हणे मावशी, तुझा दिवा पडताना कसा दिसतो ते दाखवते. ह्या खेपेले डब्यातली हवा काढली नाई, धातूच्या जागी पणतीएवढी वात लावली अन् डबा सोडला. मंग कॉम्प्युटरवर दाखवलं. आपल्या दिव्याची ज्योत कशी वर उभी राहते? डबा सुटल्यासरशी ती ज्योत आखडली, गोल झाली अन् निळी पडली. जांभळाएवढा निळा मणी, हालत नाई, डुलत नाई. मी म्हणलं, विझून राह्यला काय? ती म्हणे, नाही मावशी, वजन नसलं की दिवा असाच जळतो.

मधुकररावांचे ओठ त्याच रंगाचे झाले होते.

जयवंता


सिंदी (रेल्वे)
२२ डिसेंबर

मोहिनी,

अवकाळी पाऊस झाला. तुमच्या पुण्याले झाला का नाई माहीत नाई, इकडे वेचणीतला कापूस भिजला. विहिरीवर ताडपत्री टाकायच्या आधीच आत पाणी गेलं, तळाचा कापूस चिंब झाला. प्रेरणा म्हणे, काढून दुसरा टाकूया. कोण काढन, तानबा एकटा? मी म्हणलं, खालचा राहू दे, वरून कोरडा टाकते. कोठारातल्या कवडीचे दोन बोरे अन् थोडी सरकी वरून टाकून देली. झालं काम. ह्या शिकलेल्या लोकांले साधी गोष्टही मिटिंग घेतल्याशिवाय होत नाई.

थंडी पडली आहे. सकाळी विहिरीतून वाफ निंघते. विहिरीले थंडीत वाफ राहतेच, त्यात नवं काई नाई. आंबूस वास येते, तो कापसाचा. हे मी तुले काऊन सांगून राह्यली काय माहीत. तुले सांगितलं का जरा हलकं वाटते, तू वाचत नाईस तरी.

डब्यातलं काम पुढे गेलं आहे. पह्यले धुराचे नुसते ठिपके दिसत. आता ठिपके एकमेकांले धरून राह्यले, लांब लांब साखळ्या होऊन राह्यल्या, भिंगातून पाह्यलं तर काजळीच्या जाळ्यासारखं दिसते. ती म्हणे, जमिनीवर हे असं होत नाही मावशी, ते आपापल्या वजनानं वेगळे होतात. तिचे सर खूश आहेत. अजून वीसेक डबे पडले का कुठंतरी लिहून पाठवन म्हणे. मले वीसचं भेव वाटते. वीसांदा तो आवाज.

काल तुहा फोन आला तवा ती कठड्यावर बसली होती, पाय आत सोडून. तू तिकडून विचारत असशीन कुठं आहेस, अन् ही म्हणे, आई, टेरेसवर बसलेय, हवा छान आहे. मी धावत गेली अन् दंडाले धरून मागं ओढलं. फोन चालूच होता. तुले माह्या बांगड्यांचा आवाज आला असन. तू विचारलं असशीन कोण आहे, कारण ती म्हणे, रूममेट. बावन्न वर्षांची रूममेट. नंतर मी तिले भल्ली रागावली. ती म्हणे, तू सांगणार आहेस का आईला? मी म्हणलं, मी फोन करत नाई. तिनं पुढे विचारलं नाई, मी सांगितलं नाई.

तानबाच्या पोरीची डिलिव्हरी आहे, तो आर्वीले चालला. दहा-बारा दिवस नाई. मी म्हणलं, तो येईतोवर डबे बंद. ती म्हणे, दोरी नवी नायलॉनची आणलीय, तुटणार नाही. तुहे भाऊजी म्हणतात, करू दे. त्यांचे गुडघे गेले, त्यांच्याच्यानं काई उतरणं होत नाई. मले तर हे सारं असं दिसून राह्यलं जसं कोणी आधीच करून ठेवलं आहे अन् आपण फक्त त्याच्यातून चाललो आहोत. माह्यासारखी बाई असं बोलत नाई. पण भेव माणसाले बोलायले लावते.

मोहिनी, पाकीट फोड.

जयवंता


वर्धा, दवाखान्यातून
४ जानेवारी

मोहिनी,

पोरगी जिती आहे. आधी हे वाच. मंग बाकीचं.

काल सकाळी नवी दोरी तुटली नाई, चुंबकाच्या कडेले घासून कापल्या गेली. डबा कापसात पार आत गेला, वरून दिसेना. त्यात त्या सरांचा कॅमेरा. तिनं गळ टाकून पाह्यला, बांबू टाकून पाह्यला. दुपारले म्हणे, मी उतरते. मी म्हणलं नाई. ती म्हणे, मावशी, तू दिवा सोड. विझला तर मी नाव नाही काढणार.

मी दिवा सोडला. ऐकून राह्यली ना? सोडला. गाठीपर्यंत. कठड्यावर पालथी पडून पाह्यलं. जळून राह्यला होता, उभी पिवळी ज्योत, जरा सुद्धा हालली नाई. वर काढला, वात पाह्यली, तेल पाह्यलं, पुन्हा सोडला. तुह्या भाऊजींनी पाह्यलं. दिवा चांगला होता. तवा मी तिच्या कमरेले माह्या हातानं दोर बांधला, काखेतून घेतला, तीन गाठी मारल्या, दुसरा शेंडा विहिरीच्या चाकावरून घेऊन आम्ही दोघांनी धरला. ती कड्या धरून उतरली. अर्ध्यात थांबून वर पाह्यलं अन् म्हणे, मावशी, तोंड मिट, माशी जाईल.

खाली पोहोचली, कापसात कमरेपर्यंत गेली, हासली. दोन्ही हातानं कापूस उपसाले लागली. मंग सापडला म्हणून ओरडली अन् वाकली. डोकं कापसात गेलं. मले तिची पाठ दिसत होती, निळा स्वेटर. मी वाट पाह्यली का आता उठन. मी म्हणलं, प्रेरणा. पाठ उठली नाई. पुन्हा म्हणलं. स्वेटरावर कापूस हळूहळू सरकत होता, अन् दिवा तिच्या वर तसाच लटकलेला, तसाच जळून राह्यला होता.

आम्ही ओढलं. दोघांच्याच्यानं ती जागची हालेना, कापूस सोडेना. मी ओरडली. बाजूच्या वावरात बाया वेचत होत्या, कापसाच्या ओट्या तिथंच सोडून धावत आल्या, सात-आठ जणी. साऱ्यांनी दोर धरला. कोणाचे हात सोलले, कोणाच्या बांगड्या फुटल्या. ती वर आली तवा तोंडात कापूस होता. मी बोटानं काढला. तिचे ओठ मी तुले सांगत नाई कोणत्या रंगाचे होते. तुले माहीत आहे.

शेजारच्या बंडूजीच्या गाडीत टाकून वर्ध्याले आणली. रस्त्यात श्वास येत होता, जात होता. आता नाकाले नळी आहे. डॉक्टर पोट्टासा आहे, म्हणे श्वास चांगला आहे, पण जागी झाल्यावर समजन डोक्याले किती हवा कमी पडली ते. उद्यापर्यंत पाहा म्हणे. मी विचारलं, काय पाहू? तर निंघून गेला.

तुले तुह्या भाऊजींच्या फोनवरून फोन लावला. मोहिनी म्हणलं अन् तू कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा लागलाच नाई. मी तुह्यावर रागावत नाई. त्या आवाजानं तुले एकडाव काय सांगितलं होतं, मले माहीत आहे.

ती झोपली आहे. मी तिच्या छातीवरची चादर पाहून राह्यली. वर होते, खाली होते. मी डोळे मिटत नाई. मिटले का दिवाच दिसते.

जयवंता


सिंदी (रेल्वे)
९ जानेवारी

मोहिनी,

ती जागी झाली. मले मावशी म्हणलं, भाऊजींले काका म्हणलं, डॉक्टरले म्हणे डबा कुठे आहे. डोकं जाग्यावर आहे. पाच मिनिटांनी तुहा फोन आला अन् ही बया, नाकात नळी असून, तुले म्हणते, आई, सर्दी झालीय जरा. मी भिंतीकडे तोंड करून उभी राह्यली. तिच्या हातातून फोन हिसकून घ्यावा वाटलं. पण नळीवाल्या पोरीसंग कोण भांडन.

कॉलेजातले सर घरी आले होते. हवा मोजायचं यंत्र दोरानं सोडलं त्यांनी. दिवा राहते तिथपर्यंत हवा चांगली. त्याच्या खाली, कापसात, काईच नाई. ओला कापूस अन् सरकी सडली, त्या सडण्यानं चांगली हवा खाल्ली अन् खराब हवा जड म्हणून बुडाले बसून राह्यली. आम्ही आगीच्या भेवानं दिवा वरच थांबवत होतो. ती त्याच्या खाली वाकली. ओला कापूस कोणी राहू देला ते विचारू नको. मीच. अन् दिव्याच्या दोरावर गाठ होती ती भाऊजींची, पण पाहणारे डोळे माहे.

सर म्हणाले, तुमची काही चूक नाही. असे लोक चहा पिऊन जातात.

तुले एक सांगते अन् ते मी अकरा वर्षं सांगायले पाहत होती असं नाई, आत्ताच समजलं. दिवा सोडला होता, मोहिनी. तरी झालं. मले वाटायचं का त्या दिवशी एक दिवा सोडला असता तर मधुकरराव जिते राह्यले असते, अन् तुलेही तेच वाटत होतं, त्यावर तू मले सोडलं अन् मी तुले धरून राह्यली. आता मले काईच माहीत नाई. राह्यले असते, नसते. भेव आधी एका विहिरीचं होतं, आता साऱ्याचंच आहे.

गावात बाया बोलतात का जयवंताची विहीर माणूस मागते. अनुसयाबाई, जिनं दोर ओढला, जिचे हात अजून बांधलेले आहेत, ती माह्या तोंडावर म्हणाली, दोन झाले बाई, तिसऱ्याची वाट पाहता काय. तिच्या हाताची सुटलेली पट्टी मी पुन्हा बांधून देली.

भाऊजी म्हणतात, बुजवून टाकतो, जेसीबीवाल्याले सांगतो. प्रेरणा म्हणते, अजून बारा डबे. तानबा आला, त्यानं वरूनच गळ टाकून सारा कापूस काढला, आता सर कॉलेजातल्या जुन्या गाद्या आणून टाकणार. खाली उतरायचं काम नाई म्हणतात. मागच्या खेपेलेही नोतंच.

परवा दुपारी मी तिले उन्हात बसवून डोक्याले तेल लावत होती. मी विचारलं, खरं सांग, तुले हीच विहीर काऊन पाहिजे होती. तुह्या पुण्याले काय उंच बिल्डिंगी नाईत? मंग म्हणे,

"बाबांना वरून खाली यायला तेवढाच वेळ लागला असेल, मावशी. दीड सेकंद. मी लहानपणापासून अंदाजानं मोजते. मला वाटायचं, एवढ्या वेळात काय होणार, काहीच नाही, नुसतं पडणं. पण होतं. धुळीचे कण एकमेकांना धरतात. मी पाहिलंय."

माह्या हातात तिचे केस होते. मी तेल लावत राह्यली. मी म्हणलं, बाप काई धूळ नोता. ती म्हणे, माहीत आहे.

आता तूच सांग, ह्या पोरीले मी काय म्हणू.

जयवंता


पोस्टकार्ड
१३ जानेवारी

मोहिनी,

पाकिटं तू फोडत नाईस म्हणून कार्ड. पोस्टमन वाचन, तुह्या बिल्डिंगीतल्या बाया वाचतीन, वाचू दे. कार्ड कोणाले न वाचता ठेवता येत नाई, तुलेही नाई.

प्रेरणा बंगलोरले नाई, माह्या घरी आहे. आमच्या विहिरीत मरता मरता वाचली. आता बरी आहे, जेवते. येत्या सोमवारी पुन्हा डबा सोडणार. भाऊजींनी विहीर बुजवायले जेसीबी सांगितला, तोही सोमवारीच. ती कठड्यावर बसली आहे, उठत नाई. ते ओसरीवर बसले, आत येत नाईत. माह्यानं दोघांपैकी एकाले नाई म्हणणं होत नाई. विहिरीत जिचा माणूस गेला तिनं सांगावं. बुजवू का ठेवू.

बाकी सारं त्या चार-पाच पाकिटांत आहे. गाडीत बसून फोडजो.

कापूस काढल्यापासून दिव्याची गाठ सोडली, आता पार बुडापर्यंत जाते. सकाळी सोडला, अजून जळून राह्यला आहे, हे मी कठड्याजवळ बसून लिहिते, वाकलं का उजेड दिसते. पण मले आता दिव्याचा भरोसा नाई. तू ये.

जयवंता